पाणी ठरत नाही

शेजारच्या टेबलावर शेषेरावांनी शिक्क्याच्या पॅडवर नवी शाई ओतली आणि त्या जांभळ्या शाईचा वास नाकात शिरल्याबरोबर, काही कळायच्या आत, महानंदाच्या पोटातलं सगळं समोरच्या कागदांवर आलं. बावीस गावांना टँकर लावण्याचा आदेश होता तो. सकाळपासून ती तोच टाइप करत होती. जिल्हा होऊन सात महिने झाले होते, पण लातूरच्या नावाचे छापील कागद अजून आले नव्हते. जुनेच कागद घ्यायचे, वरचं उस्मानाबाद फुल्या मारून खोडायचं आणि शेजारी लातूर उमटवायचं, हे तिच्या बोटांना इतकं सवयीचं झालं होतं की न बघता होऊन जाई. आता त्या फुल्यांवरून पिवळं, कडू पाणी पसरत चाललं होतं. कालपासून पोटात अन्न नव्हतं, म्हणून नुसतं पित्तच. शेषेराव हातात शिक्का तसाच धरून उभे राहिले. उस्मानाबादेहून बदलून आलेला, निवृत्तीला टेकलेला सज्जन माणूस. मान दुसरीकडे वळवून ते म्हणाले, “बाई, तुम्ही घरी जा. कागदाचं काय, पुन्हा होतील.” शिपाई धावत आला, तो पाणी घेऊन नव्हे. कचेरीतला माठ अकरालाच रिकामा झाला होता. त्याने अंगणातली घमेलंभर माती आणली आणि फरशीवर सांडलेल्यावर टाकली. माती हळूहळू ओली होत काळी पडली. महानंदा पदर तोंडावर धरून तिकडे बघत राहिली. चार माणसांसमोर असं झालं याची लाज वाटायला हवी होती, पण लाज वाटायलासुद्धा अंगात काहीतरी लागतं, आणि ते तिच्यात उरलेलं नव्हतं.

तिला नववा आठवडा होता. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि या चार वर्षांत सासूने, सिद्धम्माने, सिद्धेश्वराच्या देवळात किती सोमवार धरले होते त्याला गणती नव्हती. त्यामुळे पहिल्यांदा मोरीत बसून ओकली तेव्हा सिद्धम्मा तिच्या पाठीवरून हात फिरवत अक्षरशः हसली होती. शेजारणीला हाक मारून म्हणाली होती, “आमच्या महानंदाला उलट्या चालू झाल्या बरं का!” जणू वीज आली, नळ आला, अशी बातमी. पहिले आठ दिवस त्या उलट्यांचं घरात कौतुकच चाललं. शेजारणी चिंच घेऊन आल्या, कुणी आवळ्याची सुपारी दिली, कुणी सांगितलं की उलट्या जास्त म्हणजे पोरगाच. सकाळी होतात, दुपारी थांबतात, तीन महिन्यांनी बंद होतात, असं प्रत्येकीने आपापल्या अनुभवाने सांगितलं. महानंदाच्या पोटाने हे काहीच ऐकलं नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ असा भेदच राहिला नाही. दिवसाला वीस, कधी पंचवीस वेळा. आणि मधल्या वेळात तोंडाला सुटणारं पाणी, घट्ट, खारट, गिळायला गेलं की पुन्हा ढवळून येणारं. त्यासाठी डालड्याच्या रिकाम्या डब्यात राख घालून तो उशाशी ठेवावा लागला. आपण जन्मलो त्या दिवसापासून जगाला वास येतच होता, पण कुणीतरी त्यावरचं झाकण आताच काढलं, असं तिला वाटे. डाळीच्या मिलमधून येणारी भुश्शाची धूळ, तेलाच्या गिरणीतली पेंड, गंज बाजारातल्या गुळाची आणि लाल मिरचीची पोती, दूध तापताना सायीच्या कडेला धरणारा करपट वास; एवढं तर झालंच, पण भिंतीच्या चुन्याला वास होता, उन्हाला वास होता, स्वतःच्या केसांना होता. आणि नवऱ्याला होता. भीमाशंकर मोटारपंप आणि पाइपच्या दुकानात कामाला होता. त्या वर्षी जो तो बोअर पाडत सुटला होता, दुकानाला उसंत नव्हती, आणि तो घरी यायचा तो मशीनच्या तेलाचा, रबराचा आणि घामाचा वास घेऊन. त्याची सायकल गल्लीच्या तोंडाशी वाजली की तिच्या घशाशी कढ येई. एकदा दारातच तिने त्याला हाताने थोपवलं. तो तिथेच उभा राहिला. आंघोळीला पाणी नव्हतं. मग त्याने अंगातला सदरा काढून बाहेर तारेवर टाकला, आणि त्या दिवसापासून तो ओसरीवरच जेवू लागला, तिथेच झोपू लागला. तक्रार केली नाही. नुसता लांबून बघत राही, कुणाचं तरी घर जळताना लोक बघतात तसा.

नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं, तेही अर्धा तास. एरवी टँकर. सिद्धम्मा साठीला आली होती, गुडघे धरलेले, तरी पहाटेपासून घागर घेऊन रांगेत उभी राहायची. ते पाणी ती फडक्याने दोनदा गाळायची, तुरटी फिरवायची आणि पहिला तांब्या सुनेच्या उशाशी ठेवायची. महानंदा घोटभर प्यायची. घोट खाली जाताना तिला कळायचं, छातीच्या मध्यापर्यंत तो गार असायचा, मग कुठेतरी अडायचा, क्षणभर वाटायचं की आज राहणार, आणि मग पोट आतून मुठीसारखं आवळायचं. डब्यातल्या राखेवर ते पाणी पडायचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत जायचा. तिथे भांडी आपटायची थांबत. सिद्धम्मा सुरुवातीला धावत येई. मग हाक मारून विचारू लागली. मग तेही थांबलं.

“पाणीबी ठरेना का गं तुझ्या पोटात?” एके दिवशी तिने दारात उभं राहून विचारलं. आवाजात काळजी होती की दुसरं काही, हे महानंदाला ठरवता येईना.

“न्हाई ठरत, आत्या.”

“मन घट्ट करावं लागतं बाई. आम्हाला काय झाल्या न्हाईत? माझ्या टायमाला मी जात्यावर बसून दळण दळत होते. उलटी आली की उठायचं, वकायचं, फिरून येऊन बसायचं. झोपून राहिलं की वाढतंय ते.”

“मी मुद्दाम करते का?”

“तसं कोण म्हणतंय?” सिद्धम्मा म्हणाली, आणि राखेचा डबा उचलून घेऊन गेली. कोरडी राख घालून परत आणून ठेवताना तिने तो थोडा जोरात ठेवला.

मन घट्ट करावं लागतं. महानंदा छताच्या पत्र्याकडे बघत त्या शब्दांचा विचार करी. कोणत्या मनाला सांगायचं ते तिला कळत नसे. चार वर्षं ज्या मनाने हे मूल मागितलं, दर महिन्याला मोरीत पाय धुताना जे खचायचं, ते मन तर घट्टच होतं. पण आता त्याच्याखाली दुसरंच काहीतरी जागं झालं होतं, एखाद्या जनावरासारखं, ज्याला नाव, गाव, नवरा, सासू काही ठाऊक नव्हतं. त्याला फक्त आतलं बाहेर फेकायचं होतं. उलटी येऊन गेल्यावर दोन-तीन मिनिटं जी शांतता लागायची तिच्यात ती गुडघ्यात डोकं घालून बसे. गळ्यातली लिंगाची चांदीची डबी ओकताना दरवेळी डब्याच्या काठावर आपटायची. लग्नात सासूने दिलेली डबी. तिने ती मागे पाठीवर टाकायची सवय लावून घेतली होती.

रुक्मिणबाई तिला त्याच दिवसांत आठवली. अकरा वर्षांत एकदाही आठवली नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात नायगावच्या रस्त्यावर खडी फोडायचं काम चालू होतं आणि महानंदाचे वडील, गुरुपादप्पा, तिथे हजेरी लिहायला होते. ती पंधरा वर्षांची होती. दुपारी अप्पांचा डबा घेऊन जायची. अप्पांसाठी बाभळीखाली चवाळं अंथरलेलं असे आणि शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली, घरून आणलेली पाण्याची सुरई. बायका ओळीने बसून हातोड्या मारत असत, बोटांना जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधलेले. त्यातली एक बाई मधेच उठली, चार पावलं रस्त्याच्या कडेला गेली, वाकली आणि ओकली. मग पायाने त्यावर माती लोटली, जसं मांजर लोटतं तसं, आणि परत येऊन बसली. थोड्या वेळाने पुन्हा. तिसऱ्या वेळी ती बाभळीकडे आली. महानंदाला म्हणाली, “ताई, चूळ भराया घोटभर पाणी देता का?” महानंदाने सुरईतून तिच्या ओंजळीत पाणी घातलं. पण बाईने चूळ भरली नाही, ती ते प्याली, अधाशासारखी, दुसरी ओंजळ पुढे केली, तीही प्याली, आणि तिथेच, अप्पांच्या चवाळ्यापासून हातभर अंतरावर, सगळं पाणी जसंच्या तसं बाहेर आलं. अप्पा रागीट नव्हते. त्यांनी फक्त हजेरीच्या वहीवरून मान वर करून म्हटलं, “गेलं का वाया? रुक्मिणबाई, तुला सांगितलं होतं ना, या दिवसांत घरी बस म्हणून.” रुक्मिणबाई ओल्या जमिनीकडे बघत उभी राहिली. महानंदाला तेव्हा राग आला होता, आणि आज इतक्या वर्षांनी तिला स्पष्ट आठवत होतं की तो राग रुक्मिणबाईचाच आला होता. इतकं चांगलं, गार पाणी. आठ दिवसांनी त्या ओळीत रुक्मिणबाई नव्हती. कुठे गेली हे महानंदाने विचारलं नाही, आणि अप्पांनी सांगितलं नाही. आता पत्र्याखाली पडल्या पडल्या ती तिचा चेहरा आठवायचा प्रयत्न करी. चेहरा यायचाच नाही. फक्त ओंजळ यायची, ट्यूबचे तुकडे बांधलेल्या बोटांची.

अकराव्या आठवड्यात महानंदाने पाणी पिणंच सोडलं. प्यायलं नाही तर निदान पडणार नाही, असा साधा हिशेब तिने केला. पण पोट रिकामंच पिळत राहिलं. लघवीला दिवसातून एकदा, तीही कडक चहासारखी. हे तिने कुणाला सांगितलं नाही. मोरीत राख टाकून झाकलं. आरशात बघायची बंद झाली, कारण आरशातली बाई तिच्या आजीसारखी दिसायला लागली होती. आणि त्याच दिवसांत कधीतरी, सिद्धम्मा रांगेत गेलेली असताना, पूजेच्या वेळी तिने डबीतलं लिंग डाव्या तळहातावर घेतलं, विभूती लावली, आणि ओठ न हलवता म्हणाली, पडू दे हे. एकदाच म्हणाली. म्हणून झाल्यावर तिने पटकन मागे वळून पाहिलं. घरात कुणी नव्हतं. तिने लिंग परत डबीत ठेवलं, गळ्यात घातलं, आणि दिवसभर तो शब्द आपण खरंच म्हटला की नुसता मनात येऊन गेला, हे तपासत राहिली. चार वर्षं ज्याच्यासाठी सोमवार झाले, ते पडू दे म्हणणारी बाई कसली असते? तिला त्याचा राग नव्हता. त्याचा चेहरा, हात, पाय काहीच तिच्या डोळ्यांसमोर येत नव्हतं. फक्त एवढंच कळत होतं की दोघांपैकी एकालाच पाणी पुरणार आहे.

त्या संध्याकाळी भीमाशंकर उंबऱ्याशी येऊन बसला. आधी बाहेर कोरड्या फडक्याने अंग पुसून आला होता. “तुला काहीतरी खावं वाटत असंल की. काहीबी सांग. कुठूनबी आणतो.”

“बर्फ,” ती म्हणाली. तो शब्द कुठून आला तिला कळलं नाही.

तो सायकल काढून बर्फाच्या कारखान्यावर गेला आणि गोणपाटात, लाकडाच्या भुश्शात गुंडाळलेली लादी घेऊन आला. ओसरीवर बसून त्याने ती दगडाने फोडली, भुस्सा हाताने पुसून काढला, आणि वाटीत घालून वाटी लांबून तिच्याकडे सरकवली. तिने खडा जिभेवर ठेवला. बर्फाला वास नव्हता. दीड महिन्यात पहिल्यांदा वास नसलेली गोष्ट तिच्या तोंडात होती. ती चोखत राहिली, एक, दोन, तीन खडे. पोट गप्प होतं. भीमाशंकर उंबऱ्याशी बसून हसला. “ठरलं बघ,” तो म्हणाला. “ठरलं, आई!” आतून सिद्धम्मा आली. दोघं तिच्याकडे बघत होती, लेकराने पहिलं पाऊल टाकावं तशी, तेवढ्यात आतून कढ आला. ओकलेल्या पाण्यात रक्ताचे लाल दोरे होते. भीमाशंकरने ते डब्यात पाहिले, बर्फ तिथेच टाकला आणि रिक्षा बघायला अनवाणी गल्लीत पळाला.

सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण पन्नाशीची होती, तारामतीबाई म्हणत तिला, आणि ती फार बोलणारी नव्हती. तिने महानंदाची जीभ पाहिली, हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. लघवी तपासून आली. “इतके दिवस काय करत होता?” तिने विचारलं. “उलट्या सगळ्यांनाच होतात, आम्हालाबी...” सिद्धम्माने सुरुवात केली. तारामतीबाई म्हणाल्या, “आई, ह्या त्या उलट्या नव्हेत. हा आजार आहे. दिवसाला वीस वेळा उलटी होऊन हिचं अंग सुकलंय. ह्यात ना हिचा दोष, ना मनाचा.” महानंदाने डोळे मिटले. इतक्या दिवसांत तिला रडू आलं नव्हतं, आता आलं, पण डोळ्यांतून काहीच निघालं नाही.

मनगटाजवळ सुई टोचून सलाइन लावलं. बाटलीतून थेंब नळीत पडताना ती बघत राहिली. पाणी तोंडाला न लावता, घशातून न जाता, कुणालाही न विचारता आत येत होतं. हात गार झाला, मग दंड, मग खांद्यापर्यंत. पोटाला याचा पत्ताच नव्हता. असं चोरून पाणी पिताना जे सुख झालं त्याने तिला हसू आलं. शेजारच्या खाटेवरची बाई दचकून बघायला लागली.

पण हे दोन दिवसच. उलटी थांबायच्या सुया दिल्या, सलाइनच्या बाटल्यांमागून बाटल्या गेल्या, तरी आतलं ढवळणं थांबेना. सहाव्या दिवशी तिचे डोळे पिवळे दिसायला लागले. सातव्या दिवशी तिने छताकडे पाहिलं तर पंखे दोन होते, आणि एकच आहे हे तिला ठाऊक होतं. तारामतीबाईंनी तिच्या डोळ्यांसमोर बोट धरून इकडून तिकडे फिरवलं. आणखी एक सुई स्वतःच्या हाताने दिली. मग भीमाशंकरला आणि सिद्धम्माला खाटेपाशी बोलावून सांगितलं. काविळीचं लक्षण आहे, नजर फिरायला लागली आहे, म्हणजे डोक्यावर परिणाम चालू झाला. गर्भ ठेवला तर बाई हातची जाईल. खाली करावं लागेल, आज, फार तर उद्या.

सिद्धम्मा खाटेच्या दांडीला धरून उभी राहिली. “चार वर्सांनी राहिलंय हो बाई,” ती म्हणाली. “चार वर्सांनी. असं कसं खाली करता?”

“आई, दोन्ही राहणार नाहीत, हे तुम्हाला कळतंय का?” तारामतीबाई म्हणाल्या.

“आणखी चार दिवस बघू की,” भीमाशंकर म्हणाला. तो कुणाकडेच बघत नव्हता, खाटेखालच्या डब्याकडे बघत होता. “नांदेडला न्यावं का? तिथं मोठे डॉक्टर हाईत. चार दिवस बघू.”

बघू, हा शब्द महानंदाच्या कानात राहिला. ती पडल्या पडल्या त्याच्याकडे बघत होती. दोन भीमाशंकर दिसत होते, एकमेकांत थोडेसे सरकलेले, आणि दोघंही चांगले होते. बर्फ आणणारा होता, अनवाणी पळणारा होता. आणि चार दिवस बघू म्हणणाराही तोच होता. तिला त्याच्यावर चिडायचं होतं, पण तिला एवढंच दिसलं की तो घाबरला आहे, आणि ज्याची भीती त्याला वाटते आहे ती त्याच्या अंगाला लागलेली नाही. बाहेर उभं राहून बघणाऱ्याला चार दिवस हे चार दिवसच असतात. तिने मनात मोजले. दिवसाला वीस वेळा, म्हणजे ऐंशी वेळा.

तारामतीबाईंनी दोघांना बाहेर जायला सांगितलं. मग स्टूल ओढून त्या खाटेशेजारी बसल्या. “तू काय काम करतेस?”

“कलेक्टर कचेरीत. टायपिस्ट आहे.”

“मग तुला वाचता येईल.” त्यांनी एक छापील कागद तिच्या हातात दिला. अक्षरं दुहेरी होती. महानंदाने एक डोळा मिटला, तेव्हा ओळी जागेवर आल्या. ती असे कागद रोज बघत होती. कुठे नाव, कुठे वय, कुठे अर्जदाराची सही, कुठे साक्षीदाराची, हे तिला न वाचताही कळे. तिने खाली नवऱ्याच्या सहीची जागा शोधली. नव्हती. पुन्हा वरून खाली पाहिलं.

“ह्यांची सही?”

“लागत नाही. कायद्यानं तुझीच लागते. सज्ञान बाईची फक्त तिचीच.” तारामतीबाई थांबल्या. “मी तुला घाई करणार नाही. पण फार वेळही नाही.”

त्यांना वाटलं असावं की ती विचार करते आहे. महानंदा विचार करत नव्हती. ती एवढंच बघत होती की आपल्याला दुःख होतं का. चार वर्षांच्या सोमवारांसाठी, मोरीत पाय धुताना खचलेल्या त्या बाईसाठी, चिंचा घेऊन आलेल्या शेजारणींसाठी. तिने आत हात घालून चाचपडावं तसं चाचपडलं. दुःख होतं, खूप खाली, विहिरीच्या तळाशी उरलेल्या ओलीसारखं. त्याच्यापर्यंत पोचायला दोर पुरत नव्हता. आणि त्याच्या वर, भरभरून, एक सुटका होती, जिची तिला इतकी भीती वाटली की तिने ती डॉक्टरणीच्या नजरेला पडू नये म्हणून मान फिरवली. पडू दे, असं ती म्हणाली होती. तेव्हा ते कुणी ऐकलं नव्हतं. आता तेच कागदावर लिहून द्यायचं होतं, आपल्या नावाने.

“पेन द्या,” ती म्हणाली.

तिची सही वेडीवाकडी आली. आडनाव ओळीच्या खाली घसरलं. तेवढ्यात पोट आवळलं. तारामतीबाईंनी एका हाताने कागद उचलला आणि दुसऱ्या हाताने डबा पुढे धरला.

शुद्धीवर आली तेव्हा खिडकीत ऊन होतं आणि कुठेतरी कुणीतरी फोडणी घातली होती. तिला आधी कळलंच नाही की काय वेगळं आहे. मग तिने पुन्हा श्वास घेतला. लसूण होता, मोहरी होती, फिनेल होतं. फक्त वास होते, जिथल्या तिथे, आपापल्या जागी. ती अंगावर शहारे येऊन वाट बघत राहिली. पोट हललं नाही. ओटीपोटात दुखत होतं, मांड्यांमध्ये कापूस होता, पण पोट शांत होतं, एखाद्या परक्या माणसाच्या पोटासारखं. दुपारी आयाने पेल्यात पाणी दिलं. ते टँकरचंच होतं, मचूळ. तिने अर्धा पेला प्यायला, आणि मग उरलेला. पाणी खाली गेलं आणि तिथेच राहिलं. तेव्हा तिला रडू आलं, आणि या वेळी डोळ्यांतून पाणी वाहिलं, कानांत शिरलं, उशी ओली झाली. ती कशासाठी रडते आहे हे आयाने विचारलं नाही. तिला वाटलं, बाई लेकरासाठी रडते आहे. तेही होतं त्यात. किती होतं ते महानंदाला सांगता आलं नसतं.

भीमाशंकर संध्याकाळी आला. खाटेपासून चार हात लांब थांबला. सवयीने. तिने हाताने खूण करून त्याला जवळ बोलावलं. तेलाचा वास आला, आणि तिने तो येऊ दिला. तो हळू आवाजात म्हणाला, “आईला मी सांगितलंय. डॉक्टरनीनंच केलं म्हणून. आपल्याला कुणी विचारलं न्हाई म्हणून. तू सही केली ते काही बोललो न्हाई.”

“कामून?”

“उगं घरात कामून पाहिजे...” त्याने वाक्य पुरं केलं नाही. “तुझ्याचसाठी सांगितलं. तूबी तसंच म्हण.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. आता तो एकच दिसत होता. त्याचे डोळे सुजले होते, तोही कुठेतरी बसून रडून आला होता. त्याचा हात तिने हातात घेतला, पण हो म्हणाली नाही.

सिद्धम्मा दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आली, फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि पितळी डबा घेऊन. स्टुलावर बसली. दोन दिवसांत ती जास्त म्हातारी झाल्यासारखी दिसत होती, की महानंदालाच आता नीट दिसायला लागलं होतं. फडकं सोडलं तशी ज्वारीच्या गरम भाकरीची वाफ वर आली. डब्यात अंबाडीची भाजी होती, वर लसणाची फोडणी. महानंदाच्या तोंडाला पाणी सुटलं, पातळ, गोड, पूर्वीसारखं. ते गिळून ती म्हणाली, “आत्या, सही मी केली. ह्यांनी तुम्हाला दुसरं सांगितलंय. पण मीच केली.”

सिद्धम्माने भाकरीचे दोन तुकडे केले. “ठाऊक हाय,” ती म्हणाली. “त्या आयानं त्याच दिवशी सांगितलं मला दारात.”

शेजारच्या खाटेवरची बाई कुशीवर वळली.

“खा,” सिद्धम्मा म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर क्षमा नव्हती, आणि रागही होता असं म्हणता आलं नसतं. तिने भाजी भाकरीवर घातली आणि ती भाकरी सुनेच्या हातात दिली.

महानंदा खायला लागली. आधी हळू, पोटाला विचारून विचारून. मग तिला थांबता येईना. आंबट, तिखट, ज्वारीचा खरपूस पापुद्रा, लसणाचा जळका तुकडा. ती दोन्ही गाल भरून खात होती, बोटं चाटत होती, आणि सासू समोर बसून बघते आहे, तिसऱ्याच दिवशी आपण असं खातो आहोत, हे सगळं तिला दिसत होतं. तरी हात थांबत नव्हता. एक भाकरी संपली. सिद्धम्माने दुसरी मोडली. ती देताना तिचा हात अर्ध्यावर थांबला आणि ती अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये असं, म्हणाली,

“पुन्हा राहिलं तर गं?”

महानंदाच्या तोंडात घास होता. तिने तो सावकाश, शेवटपर्यंत चावला, गिळला, आणि तो खाली जाऊन ठरेपर्यंत वाट पाहिली. मग सासूच्या हातातली भाकरी घेतली.